गोळाच का येतो? एका पेशीतून त्रिमितीय आकार वाढवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३२×३२×३२ ची जाळी, मधोमध एक पेशी. प्रत्येक पेशीत तोच जीनोम, म्हणजे एकमेकांना चालू-बंद करणाऱ्या जनुकांचं जाळं. पेशी विभागतात, प्रथिनं सोडतात, मरतात. या जीनोमवर जेनेटिक अल्गोरिदम (बदल करत आणि चांगले निवडत पिढ्यान्‌पिढ्या उत्तर शोधणारा प्रोग्राम) चालवून घन वाढवायचा आहे. कित्येकशे पिढ्या झाल्या, फिटनेस, म्हणजे आकार घनाशी किती जुळतो त्याचा गुण, ०.७ च्या आसपास अडकलाय आणि पडद्यावर दरवेळी गोळाच दिसतो. लोकसंख्या वाढवू का, म्युटेशनचा दर वाढवू का, की हे सगळं सोडून सरळ व्हॉक्सेलवरच, म्हणजे जाळीच्या एकेका घरावरच, जेनेटिक अल्गोरिदम लावू?

तिन्ही नको. लोकसंख्या वाढवलीत तर जास्त गोळे मिळतील, म्युटेशन वाढवलंत तर जास्त ओबडधोबड गोळे. व्हॉक्सेलवर थेट गेलात तर ३२,७६८ बिटांचा जीनोम हातात येईल आणि प्रत्येक कोपरा उत्क्रांतीला वेगवेगळा शोधावा लागेल. वाढीची पद्धत निवडण्यामागचं तुमचं कारण बरोबरच आहे. एका पेशीच्या १५ विभागण्या झाल्या की बरोबर ३२,७६८ पेशी होतात आणि त्यासाठी जीनोममध्ये एका ओळीचा नियम पुरतो. अडचण दुसरीकडे आहे.

आधी तो ०.७ चा आकडा कुठून आला ते बघा. तुम्ही छेद (दोन्ही आकारांत सामाईक असलेला भाग) भागिले संयोग (दोन्ही मिळून व्यापलेला भाग) असं माप घेतलंय. एकक बाजूच्या घनावर तेवढ्याच आकारमानाचा गोळा मधोमध ठेवा. गोळ्याची त्रिज्या ०.६२ येते, घनाची अर्धी बाजू ०.५ आहे. म्हणजे सहा पृष्ठांतून सहा टोप्या बाहेर डोकावतात आणि त्यांचं एकूण आकारमान साधारण ०.१६ भरतं. छेद ०.८४, संयोग १.१६, भागाकार ०.७३. तुमचा गोळा म्हणजे अपयश नव्हे, तुम्ही ठेवलेल्या परीक्षेचं ते अगदी हुशार उत्तर आहे. ‘सगळीकडे वाढ आणि वेळेवर थांब’ एवढं शिकून उत्क्रांतीने पाऊण गुण खिशात टाकलेत. आता कोपरे काढायचे तर चार-पाच जनुकं एकदम जुळून यायला हवीत, आणि मधल्या कुठल्याही पायरीला एक छदामही जास्त मिळत नाही.

म्हणून पहिलं लक्ष्य घन ठेवू नका, दांडा ठेवा. १:१:८ प्रमाणाच्या चौकोनी दांड्यावर तेवढ्याच आकारमानाचा गोळा ठेवला तर तेच माप ०.१७ वर येतं. तिथे गोळ्याला बक्षीस नाही, आणि जरा लांबट झालेल्या पोराला लगेच जास्त गुण आहेत. घन दिसायला सोपा असला तरी वाढवायला अवघड आकार आहे. मला हे कळायला बराच काळ लागला.

पण दांडा ठेवूनही गोळाच येईल, जर दुसरी गोष्ट सोडवली नाही. ती गोष्ट म्हणजे दिशा. तुमच्या पहिल्या पेशीला सगळ्या बाजू सारख्या आहेत. प्रथिनं सगळीकडे सारखी पसरतात. प्रत्येक पेशीत तोच जीनोम, तीच सुरुवातीची स्थिती. मग पेशीला डावं-उजवं कळणार कुठून? कारणात जी सममिती आहे ती परिणामातही दिसते, असं पिएर क्युरी यांनी १८९४ मध्ये मांडलं होतं. तुमचा प्रोग्राम त्याचं प्रात्यक्षिक करून दाखवतोय. कितीही पिढ्या चालवा, जीनोममध्ये नसलेली आणि बाहेरूनही न दिलेली दिशा आकारात उगवणार नाही.

इथे माझी एक फजिती सांगतो. माझ्या पहिल्या प्रोग्राममध्ये दिशा कुठूनच दिलेली नव्हती, तरी दांडे यायला लागले. मी खूश. दोन आठवड्यांनी लक्षात आलं की सगळे दांडे धन x दिशेलाच जातात. वेगवेगळे सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारे अंक), वेगवेगळे जीनोम, दिशा मात्र एकच. कारण मी पेशी जाळीच्या क्रमाने अद्ययावत करत होतो आणि नवी स्थिती त्याच अॅरेमध्ये लिहीत होतो. x कमी असलेली पेशी आधी विभागायची, तिची मुलगी त्याच फेरीत पुन्हा विभागायची, आणि असं एका फेरीत दांडा टोकापर्यंत पळायचा. उत्क्रांतीने माझ्या फॉर लूपमधून दिशा चोरली होती. डबल बफर लावला, म्हणजे जुनी स्थिती वाचायची आणि नवी वेगळ्या अॅरेत लिहायची, की सगळे दांडे पुन्हा गोळे. तुमचा कोडही एकदा या नजरेने तपासा. तुमच्याकडे गोळे येतायत ही खरं तर चांगली खूण आहे, कोड प्रामाणिक असावा.

जीव काय करतात? ते फुकटची दिशा शोधतात. फळमाशीच्या अंड्यात आईच पुढच्या टोकाला बायकॉइड या प्रथिनाचा आरएनए ठेवून देते. सी. एलेगन्स या सूत्रकृमीत शुक्रपेशी जिथून आत शिरते ती बाजू मागची ठरते. फ्युकस या समुद्री शैवालाच्या बीजाला प्रकाश कुठून येतो त्यावरून वर-खाली कळतं. म्हणजे दिशा बाहेरून घेणं ही लबाडी नव्हे. तुम्हीही पहिल्या पेशीला एक अक्ष द्या: एक सदिश, जो विभागणीत मुलीला वारशाने मिळतो आणि जनुकांच्या सांगण्यावरून ९० अंशांत वळू शकतो. दुसरं, विभागणी असमान होऊ द्या, म्हणजे एखादं प्रथिन आईकडेच राहील आणि मुलीला मिळणार नाही. या दोन सोयी दिल्यात की अर्धं काम झालं. मी तर म्हणेन, जनुकांच्या जाळ्याचं गणित कुठलं घ्यावं यावर लोक जेवढा वेळ घालवतात त्याच्या दुप्पट वेळ या दोन गोष्टींवर घालवावा.

विभागणीची जागाही ठरवावी लागते. शेजारची घरं भरलेली असतील तर मुलगी जाणार कुठे? ‘मोकळं घर मिळेल तिथे’ हा नियम ठेवलात तर वाढ फक्त पृष्ठभागावर होते आणि आकार पुन्हा गोलाकडे झुकतो. मरे ईडन यांनी १९६१ मध्ये मांडलेलं वाढीचं प्रतिमान नेमकं हेच आहे. माझा नियम असा: अक्षाच्या दिशेचं घर मोकळं असेल तरच विभाग, नाहीतर गप्प बस. शेजाऱ्यांना ढकलून जागा करणं जास्त नैसर्गिक वाटतं, पण जाळीवर ते लिहिणं डोकेदुखी आहे. स्प्रिंगने जोडलेले गोल घेतलेत तर ढकलणं आपोआप होतं, मात्र एकेका व्यक्तीच्या मूल्यमापनाला लागणारा वेळ कितीतरी पटींनी वाढतो. सुरुवात जाळीवरच करा.

आता उतार, म्हणजे एका टोकाकडून दुसरीकडे कमी होत जाणारं प्रथिनाचं प्रमाण. जीवशास्त्रज्ञ ल्युइस वॉल्पर्ट यांची १९६० च्या दशकाच्या शेवटी मांडलेली कल्पना अशी, की एका टोकाला मॉर्फोजेन, म्हणजे जागा सांगणारं प्रथिन, बनतं, ते पसरतं आणि विरतं, आणि प्रत्येक पेशी आपल्या जागचं प्रमाण वाचून ‘मी कुठे आहे’ हे ओळखते. उताराची लांबी λ म्हणजे √(D/k), यात D पसरण्याचा वेग आणि k विरण्याचा. बायकॉइडच्या बाबतीत λ सुमारे १०० मायक्रोमीटर आहे आणि गर्भ साधारण ५०० मायक्रोमीटर, म्हणजे लांबीचा पाचवा हिस्सा. हे प्रमाण लक्षात ठेवा. λ फार लहान असेल तर दूरच्या पेशींना काही ऐकूच येत नाही, फार मोठा असेल तर सगळ्यांना एकच ऐकू येतं.

त्रिमितीत साध्या पद्धतीने प्रथिनाचं पसरणं (डिफ्यूजन) सोडवताना D गुणिले Δt भागिले Δx² (Δt म्हणजे एका पावलाचा वेळ, Δx म्हणजे एका घराची बाजू) हे १/६ च्या वर गेलं की आकडे उधळतात. मी ०.१५ वर थांबतो. समजा ३×३×२४ चा दांडा हवाय आणि λ ८ पेशींचा ठेवलाय. मग k येतो ०.१५ भागिले ६४, म्हणजे ०.००२३४. उतार स्थिर व्हायला १/k एवढा वेळ लागतो, इथे सुमारे ४३० पावलं. बहुतेक जण इथे चुकतात. पेशींचं एक पाऊल आणि पसरण्याचं एक पाऊल असा जोड लावतात, उतार तयारच होत नाही, पेशी निर्णय घेऊन मोकळ्या होतात आणि मग ‘मॉर्फोजेनचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो. पेशींच्या दोन पावलांमध्ये पसरण्याला भरपूर पावलं द्या. आणि प्रथिन पेशींच्या आतच पसरू द्या, मोकळ्या जागेत नको. मोकळ्या जागेत ते तिन्ही दिशांना पांगतं आणि अंतराने भागलं जाऊन फार झपाट्याने पडतं. दांड्याच्या आत कोंडलं की सरळ घातांकी उतार मिळतो.

एक जुळून आलेला जीनोम उघडून दाखवतो, म्हणजे हे सगळं हाताला लागेल. माझ्याकडे जनुकाचे दोन भाग असतात: कुठली प्रथिनं त्याला चालू किंवा बंद करतात आणि किती प्रमाणाला, हा एक भाग, ते चालू झाल्यावर काय बनतं, हा दुसरा. बनणारी वस्तू म्हणजे आतच राहणारं प्रथिन, पसरणारं प्रथिन, किंवा कृती: विभाग, अक्ष वळव, मर. दांडा देणाऱ्या त्या जीनोममध्ये चौदा जनुकं होती. एकेक जनुक बंद करून वाढ पुन्हा चालवली, तर पाचच कामाची निघाली.

पहिल्या पेशीत B नावाचं प्रथिन भरपूर. दर विभागणीत ते निम्मं होतं. B जास्त आहे तोवर अक्ष आडवा वळतो, म्हणून पहिल्या काही विभागण्या आडव्या होऊन ३×३ चा पाट तयार होतो. B एका पातळीखाली गेलं की अक्ष उभा होतो आणि पुढे कधीच वळत नाही. हे मी शिकवलं नव्हतं, पण ही युक्ती जुनी आहे. झेनोपस बेडकाच्या गर्भातही १२ विभागण्यांनंतर वागणूक बदलते, कारण केंद्रकांच्या मानाने पेशीद्रव कमी पडत जातं. M नावाचं दुसरं प्रथिन उभ्या विभागणीत आईकडेच राहतं, म्हणून पायथ्याच्या ९ पेशींनाच ते लाभतं, आणि M असेल तिथेच A बनतं. A वर पसरतं. टोकाची पेशी A चं प्रमाण ५ च्या वर आहे तोवर विभागते, खाली गेलं की थांबते.

पायथ्याशी A १०० वर धरलेलं होतं. मी वहीवर हिशेब केला: λ गुणिले १००/५ चा नैसर्गिक लॉगरिदम, म्हणजे ८ गुणिले ३, दांडा २४ वर थांबायला हवा. प्रोग्राममध्ये तो २९-३० वर थांबायचा. दोन दिवस बग शोधला. बग नव्हताच. दांड्याच्या टोकाला प्रथिनाला बाहेर जायला वाट नसते, ते तिथे अडतं आणि टोकाशी प्रमाण जवळपास दुप्पट भरतं. माझं सूत्र अनंत लांबीच्या दांड्याचं होतं. पुढच्या काही पिढ्यांत उत्क्रांतीने ती ५ ची पातळी वर सरकवली आणि दांडा २४ ला आणला. तिला सूत्राशी काही देणं-घेणं नव्हतं.

थांबण्याचा मुद्दा वेगळा काढतो, कारण तो फार फसवा आहे. तुम्ही ४० पावलं वाढवून आकार मोजत असाल, तर उत्क्रांती ४० व्या पावलाला सुंदर दिसणारा आकार देईल. ४१ व्या पावलाला काय होतं ते कधी चालवून बघा. माझ्या एका दांड्याला ४५ व्या पावलाला फांद्या फुटल्या आणि ६० व्या पावलाला त्याने अख्खी जाळी भरून टाकली. तो थांबायला शिकलाच नव्हता, थांबवत मी होतो. उपाय सोपा: ४०, ५० आणि ७० अशा तीन पावलांना मोजा आणि तिन्हींतला सर्वांत कमी गुण धरा. सरासरी नको, किमानच. अलेक्झांडर मोर्दविन्त्सेव आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये न्यूरल सेल्युलर ऑटोमॅटावर (प्रत्येक पेशीचा नियम एक छोटं न्यूरल जाळं ठरवतं अशा पद्धतीवर) जे काम केलं त्यात पावलांची संख्याच दरवेळी ६४ ते ९६ मधून यादृच्छिक निवडली होती. हेतू तोच. त्यांची पद्धत उत्क्रांतीची नव्हे, ग्रेडियंट डिसेंटची आहे, म्हणजे चूक कुठल्या बाजूला कमी होते ते गणिताने काढून आकडे तिकडे सरकवायचे. लक्ष्य आकार ठरलेलाच असेल तर तीही वापरून बघायला हरकत नाही, बहुधा लवकर पोहोचाल.

म्युटेशनबद्दल एवढंच: जनुकाची नक्कल करणारं म्युटेशन नसेल तर आजच घाला. सुसुमु ओहनो यांनी १९७० मध्ये जोरदारपणे मांडलं की नवं काम शिकायला जनुकाची जादा प्रत लागते, कारण मूळ प्रत जुनं काम सांभाळते. प्रोग्राममध्येही अगदी हेच दिसतं. पातळ्यांचे आकडे हलवणारी म्युटेशनं आकार नीट करतात, पण नवा अवयव नकलेतून येतो. क्रॉसओव्हर, म्हणजे दोन पालकांचे जीनोम जोडणं, मी जवळपास बंद ठेवतो. दोन वेगवेगळ्या जाळ्यांचे अर्धे-अर्धे तुकडे जोडले की बहुतेक वेळा मेलेलं पोरच जन्माला येतं.

पेशीमृत्यूला लोक शेवटी ठेवतात. पोकळ आकार, नळी, बोगदा हवा असेल तर पेशीमृत्यूची सोय आधीच द्या. सी. एलेगन्सच्या उभयलिंगी प्राण्यात १,०९० कायिक पेशी बनतात आणि त्यातल्या १३१ ठरवून मरतात, उरतात ९५९. घडवून मग कोरणं हे सुरुवातीपासून पोकळ वाढवण्यापेक्षा जनुकांना सोपं जातं.

आणि आता तुम्ही न विचारलेला प्रश्न: तुम्हाला वाढ खरंच हवी आहे का? फक्त आकार हवा असेल, तर केनेथ स्टॅन्ली यांची २००७ ची सीपीपीएन पद्धत घ्या. त्यात वाढ नाही, काळ नाही. x, y, z हे आकडे एका छोट्या जाळ्यात घाला, ते ‘इथे पेशी आहे की नाही’ सांगतं. घंटेच्या आकाराच्या गाउसियन फलनातून सममिती मिळते, साइनमधून पुनरावृत्ती. निक चेनी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याच पद्धतीने १०×१०×१० व्हॉक्सेलचे मऊ रोबो उत्क्रांत केले होते. फांद्यांचा, झाडासारखा आकार हवा असेल तर ॲरिस्टिड लिंडेनमायर यांच्या १९६८ च्या एल-सिस्टिम्स (चिन्हांच्या जागी पुन्हा पुन्हा नवी चिन्हं घालणारे नियम) आहेतच, आणि ठोकळ्यांचे जोडलेले अवयव हवे असतील तर कार्ल सिम्स यांनी १९९४ मध्ये वापरलेला ग्राफ, म्हणजे कुठला ठोकळा कशाला जोडायचा त्याचा आराखडा. हे सगळं तुमच्या पद्धतीपेक्षा लवकर फळतं. जनुकजाळ्यातून त्रिमितीय आकार वाढवण्याचं काम पीटर एगेनबर्गर यांनी १९९७ मध्येच केलं होतं. इतकी वर्षं झाली तरी ते सोपं झालेलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

वाढीची मेहनत घेण्याचं एकच ठोस कारण मला दिसतं: वाढलेला आकार बिघडला तर पुन्हा वाढू शकतो. ज्युलियन मिलर यांनी २००४ मध्ये तीन पट्ट्यांचा फ्रेंच झेंडा वाढवणारे जीनोम उत्क्रांत केले, तेव्हा त्यांच्यात तुटलेला भाग भरून काढण्याची क्षमता आढळली. तुम्हाला दुरुस्ती हवी असेल तर पुढे वाचा, नसेल तर सीपीपीएन घेऊन मोकळे व्हा.

वर सांगितलेल्या दांड्याचं टोक मी छाटलं. १० पेशींची लांबी कापली. उरलेल्या टोकाशी A प्रमाण जास्त होतं, पेशी विभागायला लागल्या, दांडा पुन्हा २४ वर येऊन थांबला. मग पायथा कापला. M असलेल्या ९ पेशी गेल्या, A बनणं बंद झालं, उतार विरला. उरलेला दांडा तसाच उभा राहिला, ना वाढला ना मेला. डोकं कापलेला हायड्रा हा पाण्यातला चिमुकला प्राणी मात्र डोकं परत वाढवतो, आणि त्याचा उतार कुणी आईने ठेवून दिलेला नसतो. जवळ पसरणारं, स्वतःला वाढवणारं एक प्रथिन आणि लांब पसरणारं, त्याला दाबणारं दुसरं, या जोडीतून उताराचा उगमच नव्याने कसा उभा राहू शकतो, हे गीरर आणि माइनहार्ट यांनी १९७२ मध्ये दाखवलं. मूळ कल्पना ॲलन ट्युरिंग यांची, १९५२ ची. तुमच्या प्रोग्राममध्ये त्यासाठी पसरणारी किमान दोन प्रथिनं लागतील आणि त्यांचे D वेगळे हवेत, दाबणाऱ्याचा बराच मोठा. तिथे अशा उगमांमधलं अंतर D आणि k वरून ठरतं, आकाराच्या लांबीवरून नाही. त्यामुळे दांडा दुप्पट लांब झाला तर उगम एकाचे दोन होतात आणि मधूनच दुसरं डोकं फुटतं. हे माझ्याकडे अजून नीट सुटलेलं नाही. तुम्ही दांड्यापर्यंत पोहोचलात की पायथा कापून बघा आणि काय दिसतं ते सीडसकट कळवा.